ठकठक कुठून येते

कपात चमचा वाजला. सकाळपासून त्या घरात झालेला तो पहिला आवाज. चहात साखर घालायची राहिली होती, तरी मिस्त्री ढवळत होता. बायको गेल्यापासून घरात असंच चाललं होतं.

मग गल्लीच्या तोंडाशी दुसरा आवाज आला. ठक-ठक-ठक-ठक.

मिस्त्रीचा हात थांबला. "इंजिनाच्या खालून येतोय," तो कपालाच म्हणाला आणि उठला.

फाटकातून लेकीची जुनी गाडी आत शिरली. मागच्या खिडकीतून नात ओरडली, "आजोबा, गाडी खोकतेय!" सहा वर्षांची ही पोर नटाखालच्या चकतीसारखी एका जागी म्हणून सापडायची नाही, त्यामुळे आजोबाने तिचं नाव वॉशर ठेवलं होतं.

"बंद कर आधी!" मिस्त्री लेकीवर खेकसला. "एवढी ठोकतेय आणि चालवत आणलीस? कान घरी विसरलीस काय?"

"म्हणून तर तुमच्याकडे आणली, बाबा."

"कधीपासून येतोय आवाज?"

"आत्ताच. वाटेत."

"आम्ही झाडाखाली थांबलो ना," वॉशर म्हणाली, "तेव्हा आईने..."

"पंक्चर झालं होतं," लेक म्हणाली आणि पोरीच्या हातात पुसायचं फडकं दिलं. "जा, आजोबांची हत्यारं पूस."

दर आठवड्याला लेकीचा फोन यायचा. येऊ का, असं ती विचारायची. मिस्त्री दर वेळी तेच सांगायचा, "मला काय धाड भरलीय? उगाच कशाला हेलपाटा? काम असेल तरच ये." आणि फोन ठेवला की बराच वेळ फोनकडेच बघत बसायचा. नशीब एवढंच, की लेकीची गाडी होती रडकी. मागच्या महिन्यात सायलेन्सर लोंबला होता, त्याआधी पट्टा तुटला होता.

त्याने तेलाची पट्टी ओढून पाहिली. तेल पुरेसं होतं. लेकीला क्षणभर इंजिन चालू करायला लावून लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याने इंजिनाला टेकवलं आणि मूठ कानाला. वर आवाज बारीक, खाली दणदणीत. मग एकेका प्लगची वायर काढून पाहिली. ठोका तसाच.

"बेअरिंग नाही. बेअरिंग असतं तर त्या सिलिंडरची वायर काढल्यावर आवाज दबला असता. चेंबर काढून बघावं लागेल."

"म्हणजे काय?" वॉशरने विचारलं.

"इंजिनाच्या बुडाशी तेल साठवायचं पत्र्याचं भांडं. आम्ही चेंबर म्हणतो."

"फार काम आहे का, बाबा? नाहीतर गॅरेजला नेते."

"गॅरेजला? मग मी काय इथे भाजी निवडायला बसलोय?"

गाडी स्टँडवर चढली. मिस्त्री गोणपाटावर पाठ टेकून खाली सरकला. महिन्याभरात त्याच्या अंगात एवढा जोर कुणी पाहिला नव्हता. काळं तेल परातीत उतरलं. त्यात त्याने बोटं फिरवली. धातूचा कीस नव्हता. लेक बाजूला आडवी होऊन बोल्ट सोडवत होती, समोरासमोरचे, त्याने तिला लहानपणी शिकवलं होतं तसेच. वॉशर मोठ्याने मोजून ते डब्यात टाकत होती.

चेंबर चिकटून बसलं होतं. रबरी हातोडीच्या दोन टपल्या दिल्यावर सुटलं.

मिस्त्रीने ते उलटं करून उन्हात धरलं. बुडाला गोल पोचा होता, आत आलेला. आतल्या बाजूला घासून चकाकी आली होती. इंजिनातला फिरता दांडा, क्रँक, तिथेच आपटत होता.

"कुठल्या गाढवाने चेंबरखाली जॅक लावला?"

"पंक्चरवाल्याने असेल," लेक बोल्ट पुसत म्हणाली.

"आणि तू बघत उभी राहिलीस? सात वर्षांची असताना सांगितलं होतं तुला, जॅक कुठे लावायचा ते."

"चुकलं, बाबा."

त्याने लाकडी ठोकळा आत धरून पोचा काढला. दुपारी जेवायला बसला तेव्हा तीनदा वाढून घेतलं. लेक त्याच्या ताटाकडेच बघत होती.

जेवणानंतर तेल गळू नये म्हणून कडांना गॅस्केटचा मसाला लावून त्याने चेंबर बसवलं.

"सुकायला किती वेळ?" लेकीने विचारलं. "संध्याकाळी निघायचं म्हणत होते."

मसाल्याच्या नळीवर दोन तास लिहिलं होतं. मिस्त्रीने त्यावर अंगठा ठेवला. "चोवीस तास. घाई केलीस तर सगळं तेल रस्त्यावर."

बोलून झाल्यावर त्याचे कान तापले. चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाशी खोटं बोलला नव्हता.

"मग राहावंच लागेल," लेक म्हणाली आणि बॅगा आत घेऊन गेली. बॅगांत दोघींना दोन-तीन दिवस पुरून उरतील एवढे कपडे होते, पण मिस्त्री तेव्हा उशा शोधण्यात गुंतला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवं तेल घातलं. इंजिन चालू झालं. मिस्त्रीने डोळे मिटून ऐकलं. ठोका नाही. गाडीखाली वाकून पाहिलं. थेंब नाही.

"झकास झाली," तो म्हणाला. आवाज मात्र कुणी दुखणं सांगावं तसा निघाला. "सगळे नट-पट्टे तपासलेत. आता वर्षभर तरी बघायला नको."

लेकीने मान हलवली. मिस्त्री खिडकीजवळ घुटमळला. थांबवायला आता त्याच्याकडे कुठलंच कारण उरलं नव्हतं.

"बाकी... काम असेल तरच ये," तो म्हणाला.

मागच्या सीटवर वॉशरने बोटांवर काहीतरी मोजलं. मग पुढे वाकून आईच्या खांद्यावर हनुवटी टेकवली आणि विचारलं,

"मग आई, पुढच्या वेळी झाडाखाली थांबून आपण काय बिघडवायचं?"