न उडणारा हिरो

शरयूबाईंच्या मनातलं वाचून दिवाणखान्यातल्या स्मार्ट भिंतीने बनवलेला सुपरहिरोचा सिनेमा त्या आज चौथ्यांदा बघत होत्या. शेजारी त्यांचे यजमान दाबके धुसफुसत बसले होते. त्यांनी तीस वर्षं असले सिनेमे लिहिले होते. आता ते काम भिंतच करायची.

"दर्जा पार घसरलाय," ते म्हणाले. "पाऊण तास झाला, पठ्ठ्या एकदाही उडला नाही. नुसता नायिकेसमोर बसून लसूण सोलतोय. आमचे हिरो शहरं वाचवायचे."

"हं."

हिरोचे काळेभोर केसही दाबक्यांना खुपत होते. "याच्याकडे शक्ती तरी कसली आहे?"

शरयूबाईंनी भिंतीवरची नजर काढली नाही.

"गुडघा दुखतोय, असं मी सकाळपासून म्हणतेय," त्या म्हणाल्या. "तिने एकदाच म्हटलं, तर त्याने विचारलं, कुठला."