पायाचं बोट

बथशेबाने ‘याल्का’ हा शब्द उच्चारला आणि तौनोने भिंतीकडे तोंड फिरवलं.

“काय म्हणालीस त्याला?” डॉक्टर चंद्रशेखरांनी मराठीत विचारलं.

“पायाचं ऑपरेशन करायचंय, एवढंच.”

“पायाकडे बोट दाखवलं की तो हेच करतो. कालपासून असाच पडलाय.”

तौनो फिनलंडच्या एका लाकूडवाहू जहाजावरचा खलाशी होता. भर समुद्रात त्याच्या डाव्या पायावर ओंडका पडला. लंडनच्या गोदीतून हॉस्पिटलमध्ये आणेपर्यंत पायाची तीन बोटं काळी पडली होती. त्याला इंग्रजी येत नव्हतं. न्यायला ट्रॉली आली की तो पलंगाचे गज घट्ट धरून ठेवायचा. फिनिश खलाशांच्या चर्चचे पाद्री परगावी होते आणि युनिव्हर्सिटीत फिनिश शिकवणाऱ्या बाई ख्रिसमसच्या सुट्टीत मायदेशी गेल्या होत्या. तेव्हा चंद्रशेखरांना आपल्या बायकोची, सुहासिनीची, मैत्रीण आठवली. बथशेबा रोहेकर मुंबईहून भाषाशास्त्र शिकायला आली होती आणि गेलं दीड वर्ष फिनिश घोकत होती. वेम्बलीला त्यांच्याकडे जेवायला आली की कुणी ना कुणी तिला विचारायचंच, या भाषेचा उपयोग काय?

“सर्जन दुपारपर्यंत थांबतील,” चंद्रशेखर म्हणाले. “मग मात्र पाय घोट्याच्या वरून कापावा लागेल.”

तौनो भिंतीकडे बघतच काहीतरी बोलला. बथशेबाला एक अक्षर कळलं नाही. पुस्तकातल्या शब्दांना लांबलचक शेपट्या होत्या. याच्या बोलण्यात त्या गळून पडल्या होत्या. तिने हळू बोलायची विनंती केली. तो लहान मुलाशी बोलावं तसं एकेक शब्द सुटा करून बोलला. जहाज सुटण्यापूर्वी एका सोबत्याने त्याला इंग्रजांचं म्हणणं सांगितलं होतं. ‘याल्का पोइस.’ पाय जाणार. पाय गेलेल्या माणसाला जहाजावर कोण घेणार? त्यापेक्षा आहे तसाच मरू द्या.

“यांचा याल्का आपल्या पायासारखाच आहे,” ती चंद्रशेखरांना म्हणाली. “मांडीपासून नखापर्यंत सगळा पायच. त्याला वाटतंय, अख्खा पाय कापणार.”

“मग सांग ना, फक्त बोटं.”

पायाच्या बोटाला काय म्हणतात ते तिला ठाऊक नव्हतं. हाताच्या बोटाचा शब्द येत होता. तिने तोच घेतला, त्याच्याआधी ‘याल्का’ जोडला आणि मराठीसारखं ‘पायाचं बोट’ जुळवून सांगितलं.

तौनोने दचकून दोन्ही हात पांघरुणाखाली ओढून घेतले.

बथशेबाने स्टूल जवळ घेतलं. त्यावर बसून तिने उजव्या पायातला बूट काढला. लोकरीचा मोजा काढला. आजूबाजूच्या पलंगांवरचे पुरुष उठून बसले.

“मिस, हा वॉर्ड आहे,” सिस्टर म्हणाली.

“एकच मिनिट, सिस्टर.”

तिने उघडा पाय गुडघ्यावर घेतला, अंगठा चिमटीत धरला आणि तौनोला फिनिशमध्ये विचारलं, “हे काय?”

तो मान वळवून बघत राहिला. अंगठ्याकडे, मग तिच्या तोंडाकडे.

“वार्वास,” तो म्हणाला.

तिने शब्द उच्चारला. त्याने नकारार्थी मान हलवली आणि परत म्हणून दाखवला. तिने पुन्हा म्हटला. आता ठीक होतं.

मग ती सावकाश बोलू लागली. आकड्यापुढे शब्दाचं शेपूट बदलतं, हा नियम ती परीक्षेत दरवेळी चुकायची. इथे चुकायचं नव्हतं. “कोल्मे वार्वास्ता,” ती म्हणाली. तीन बोटं. एकेक बोट धरून तिने दाखवलं, हे, हे आणि हे. मग तळव्यापासून गुडघ्यापर्यंत हात फिरवला. “याल्का यॅ.” पाय राहतो.

तौनोचे हात पांघरुणाबाहेर आले. त्याने एक छोटासा प्रश्न विचारला.

“चालता येईल का, म्हणतोय,” बथशेबाने सांगितलं.

“हो म्हण.”

“नक्की येईल?”

“जखम चिघळली नाही, तर.”

“मग तसंच सांगते.”

“अगं, तो घाबरेल. ‘हो’ एवढंच पुरे.”

“एकदा त्याला अर्धवट सांगितलं म्हणून तर हे झालं, डॉक्टर.”

‘जर’ आणि ‘तर’ची वाक्यं बाईंनी सुट्टीच्या आधी घाईघाईने उरकली होती. बथशेबाला ती रचायला वेळ लागला. दोनदा मध्येच अडकली, दोन्ही वेळा पहिल्यापासून सुरुवात केली. तौनो तिच्या ओठांकडे बघत वाट पाहत होता. वाक्य पूर्ण झाल्यावर त्याने ते स्वतःशी पुटपुटून पाहिलं. मग चंद्रशेखरांकडे बघून मान डोलावली.

या वेळी ट्रॉली आली तेव्हा त्याने गज धरले नाहीत.

संध्याकाळी त्याला जाग आली तेव्हा बथशेबा स्टुलावर बसली होती. त्याने चादर बाजूला करून बँडेजमधल्या पायाकडे बराच वेळ बघितलं. गुडघा हलवून पाहिला. मग डोकं उशीवर टेकून तो बोलायला लागला. आता हळू नाही, आपल्या माणसाशी बोलावं तसा भराभर. त्यात एक तळं होतं, एक बहीण होती, गोठलेल्या पाण्यावरून घोडा नेणारं कुणीतरी होतं. नंतर त्याचा आवाज बारीक झाला. त्याने डोळे पुसले.

उगीच मान डोलावणं बथशेबाला जमलं नाही.

“मला अर्धंच कळलं,” ती फिनिशमध्ये म्हणाली.

तौनोने थोडा विचार केला.

“उरलेलं उद्या,” तो म्हणाला.