दोघेही गुणाचे

फौजदार ओकला, तो थेट डॉक्टरीणबाईंच्या बुटांवर.

"बघा तुमच्या गोळ्यांचा गुण!" सून म्हणाली. ज्या टॉवेलची पोटाखाली झोळी करून कुत्र्याला जिन्यावरून उतरवलं होतं, तो अजून तिच्या हातातच होता. "चार दिवस झाले, खाल्लेलं पोटात ठरत नाही. रोग परवडला पण औषध नको, अशी गत झालीय."

डॉक्टरीणबाईंनी बूट पुसले. फौजदार ओशाळून बेंचखाली शिरला. बेंचवर त्याची साखळी धरून सासरे बसले होते. हल्ली ते फारसं बोलतच नसत.

फौजदार हे नाव कुत्र्यानं स्वतः कमावलेलं होतं. सुनेचं चष्म्याचं दुकान खाली आणि घर वर. दुकानात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाची तो आधी हुंगून झडती घ्यायचा, आणि संशय आला की चष्म्याची डबी पळवून जप्तीही करायचा. गेल्या वर्षात तो निवळला. भुंकणं संपलं, जप्त्या संपल्या. दिवसभर वरच्या खोलीत पडून असायचा. सासऱ्यांचंही तेच. एके काळी फ्रेमच्या मांडणीपासून चहाच्या रंगापर्यंत सगळ्याला नावं ठेवणारा माणूस, आता काहीही विचारलं तरी म्हणायचा, "तुम्ही म्हणाल तसं."

"म्हातारपणी दोघेही किती गुणाचे झाले!" सून गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायची.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत त्या कौतुकावर पाणी ओतलं होतं. "गुणाचा कसला? सांधे दुखतायत त्याचे. कुत्री दुखणं लपवतात. भुंकायचं तर उठायला लागतं, उठलं की कळ येते, म्हणून गप्प बसलाय बिचारा." मग गोळ्या सुरू झाल्या. दोन दिवस फौजदारानं शेपटी हलवली, एक डबीही पळवली, घरात आनंदीआनंद झाला. तिसऱ्या दिवशी ओकायला लागला.

आता मामला सरळ होता. गोळी मानवली तर फौजदार जिना चढणार, घरात राहणार. नाहीतर रविवारी नवऱ्याच्या आत्याबाई त्याला न्यायला गाडी घेऊन येणार होत्या. त्यांच्या शेतावरच्या घराला एकही पायरी नव्हती. मागच्या वर्षी तो जिन्यात पहिल्यांदा अडला तेव्हापासून हे बोलणं घरात चालू होतं. एवढं धूड रोज उचलणार कोण? बेत शहाणपणाचा होता. तरीही सून सकाळपासून विनाकारण भिंगं पुसत बसली होती.

"गोळी पोटभर खाल्ल्यावरच देता ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"त्याआधी कधीच नाही."

"मग दुसरं काही पोटात जातंय का, आठवून सांगा. घरात कुणी सांधेदुखीचं मलम चोळतं का? कुत्री ते चाटतात. गोळीत जे असतं, तसलंच मलमातही असतं. दोन्ही एकदम गेलं की पोटाची वाट लागते."

"छे हो! आमच्या घरात कुणाचं काही दुखत नाही."

डॉक्टरीणबाईंनी सुस्कारा सोडला. "मग गोळीच मानवत नाही म्हणायचं. ह्याहून सौम्य देता येईल, पण तिच्या जोरावर हा जिना चढेल असं वाटत नाही."

सुनेनं मान हलवली आणि आत्याबाईंना कळवायला पर्समधून फोन काढला.

"मी लावतो," सासरे म्हणाले.

"काय लावता?"

"मलम. दोन्ही गुडघ्यांना. तू दुकानात उतरलीस की लावतो." त्यांनी बेंचखाली वाकून पाहिलं. "हा येऊन गुडघे चाटायचा. मला वाटायचं, माझी विचारपूस करतोय."

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. सुनेला मात्र जिना आठवला. फौजदाराच्या मागून कठडा धरून एकेक पायरी उतरणारे बाबा. 'त्याच्या कलानं घेतोय,' म्हणायचे. आणि तिला ते खरं वाटायचं. शेजारपाजारच्या सगळ्यांची नजर तपासणारी ती, घरात मात्र दिव्याखाली अंधार!

"बाबा, बोलला का नाहीत?"

"कसा बोलणार? जिना चढवेना म्हणून ह्याची शेतावर रवानगी. भर जेवणात, सगळ्यांच्या समोर ठरलं. म्हटलं, आपण आपलं गुणानं राहावं."

सुनेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. स्वतःचाच भयंकर राग आला. आणि मग, काही केल्या थांबेना असं हसूही आलं.

"आत्याबाई तुम्हाला ठेवून घेतील असं वाटलं तुम्हाला? सख्खी बहीण आहे ती. लहानपणापासून ओळखून आहे!"

"चार दिवस गोळी बंद, पोटाचं औषध देते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पोट शांत झालं की निम्म्या गोळीनं पुन्हा सुरू करू. मलम लागलेल्या गुडघ्यांना मात्र ह्याची जीभ लागता कामा नये. चढेल तो जिना. ह्यांच्या गुडघ्यांचं औषध माझ्याकडे नाही, त्यांना माणसांच्या डॉक्टरकडे न्या."

सुनेनं फोन पर्समध्ये परत टाकला. कमरेवर हात ठेवून ती बेंचसमोर उभी राहिली.

"पुरे झाला तुमचा गुणीपणा, दोघांचाही! आजपासून ज्याचं दुखेल त्यानं घर डोक्यावर घ्यायचं. कळलं?"

सासऱ्यांनी घसा साफ केला, आणि हा बेंच किती टणक आहे, इथपासून सुरुवात केली.