आठवी शेज

आमच्या डोंगरातल्या गुहेत आठ दगडी शेजा आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी जैन मुनी अन्न सोडून त्यांवर आडवे झाले, ते परत उठलेच नाहीत. इथला पुजारी म्हणून मी हे घसा फोडून सांगितलं होतं. तरी खाणवाला मुत्तुकरुप्पन भरदुपारी मटण बिर्याणी चापून सरळ सातव्या शेजेवर पसरला!

"ऊठ! तुझ्या बापाची खाट आहे का ती?"

"गार आहे हो, नैनार. पुढच्या महिन्यात सुरुंग लावून हे सगळं उडवायचंच आहे. तुम्ही पण व्हा की आडवे. तुमच्या बुटक्या अंगाला अर्धी शेज पुरेल."

तेवढ्यात त्याच्याभोवती हलकी सळसळ झाली. मुंगीसुद्धा मरू नये म्हणून मुनी बसायची जागा मोरपिसांनी झाडतात ना, तशी.

बाराव्या दिवशी त्याची बायको पेचियम्मा रडत आली. त्या दुपारपासून त्यानं घास घेतला नव्हता, आणि आज तो घरातून निघून गेला होता.

तो सातव्या शेजेवरच सापडला. हाडं वर आलेली, चेहरा शांत.

माझं डोकंच फिरलं. रिकाम्या शेजांकडे बघून मी ओरडलो, "यानं व्रत मागितलं होतं का? मुंगी वाचवणारे तुम्ही, जिवंत माणूस नेता? लाज नाही वाटत?"

मुत्तुकरुप्पननं डोळे न उघडता ओठांवर बोट ठेवलं. "हळू, नैनार. ते ऐकतायत."

आठव्या शेजेवरची धूळ आपोआप बाजूला सरू लागली. उशापासून, अगदी हळुवार.

ती अर्ध्यावर येऊन थांबली.