हरवलेल्या डिस्कचा दिवा

हॉस्पिटलच्या सर्व्हरला एक डिस्क दिसेना. पेशंटचे सगळे स्कॅन तिच्यावर, पेशंट टेबलावर आणि सर्जन आमच्या सर्व्हर रूमच्या दारात. केबल बदलून, रीस्टार्ट करून मी हात टेकले.

मग विभागप्रमुख ताई आल्या. आमच्या ताईंनी हाक मारली की मेलेली डिस्कसुद्धा ‘ओ’ देते. त्यांनी एक कमांड दिली, डिस्क स्क्रीनवर हजर!

“तिचा दिवा लावलाय. सर्व्हरच्या कुठल्या खणात आहे बघ.”

“सगळे खण अंधारात आहेत, ताई.”

“नीट बघ रे शहाण्या, ती उत्तर देतेय.”

मी वाकलो, तर माझ्याच शर्टाआड निळा उजेड लुकलुकत होता. बटण काढलं. तो कातडीखालून येत होता.

ताईंची नजर स्क्रीनवरून हलली नाही. काय ती एकाग्रता!

“सापडली ना? मग हलू नकोस. कॉपी झाली की काढून घेऊ.”

दारातल्या सर्जननी हातमोजे चढवले.