पुसलेला आरसा

बाई जिना चढत होत्या आणि प्राध्यापकांच्या खिशातला रुमाल अजून ओलाच होता.

वेधशाळा म्हणजे कॉलेजच्या गच्चीवरचा पत्र्याचा घुमट. आत एक दुर्बीण, एक स्टूल, एक लाल दिवा आणि परीक्षा विभागाने 'तात्पुरती' म्हणून आणून टाकलेली मोडकी बाकं. वेधशाळेचे प्रमुख हे प्राध्यापकच आणि शिपाईही तेच. त्यांनी तिची निगा कशी राखली होती, ते संध्याकाळी दुर्बिणीचं झाकण काढल्यावर कळलं. नळीच्या तळाशी असलेल्या आरशावर धुळीचा थर होता. थरावर कबुतराचं एक पीस निवांत पडलं होतं.

तो आरसा बाईंनी घडवलेला. कॉलेजात शिकवत असताना, विद्यार्थ्यांना हाताशी धरून, काचेवर काच घासून. त्या विद्यार्थ्यांत प्राध्यापकही होते. बाईंनी तेव्हाच बजावलं होतं, "धूळ बसली तर बसू दे. आरशाला कापड लावायचं नाही. धुळीने काही बिघडत नाही, पुसण्याने बिघडतं." हे प्राध्यापक अजूनही दर वर्षी नव्या मुलांना ऐकवत, अगदी बाईंच्याच आवाजात.

पण आज बाई येणार आणि हे बघणार! खिडक्यांच्या काचा पुसायचं औषध त्यांनी आरशावर फवारलं आणि रुमालाने खसाखसा पुसून काढलं. चकाकी येण्याऐवजी ढगाळ पट्टे उमटले. ते घालवायला त्यांनी आणखी घासलं. आरशाचा मुलामा रुमालावर आला, तेव्हा कुठे त्यांचा हात थांबला.

"अजून कुरकुरतो का रे हा घुमट?" बाई लेकीचा हात धरून आत आल्या. "चाकांना तेल देत नाहीस वाटतं."

"देतो की, बाई," प्राध्यापक म्हणाले. तेल कधी संपलं तेही त्यांना आठवत नव्हतं.

बाईंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. झकास झालं, असं डॉक्टरांचं म्हणणं. बाईंना डॉक्टरांचा शब्द पुरेसा नव्हता. "शनीच्या कड्यांमधली काळी फट दिसली की मी मानेन," त्या स्टुलावर बसत म्हणाल्या. "माझ्या आरशात ती दिसतेच."

त्यांनी तोच डोळा दुर्बिणीला लावला. फोकसचं चाक पुढे-मागे फिरवून पाहिलं.

"धुकं पडलंय का बाहेर?"

लेकीने घुमटाच्या उघड्या भागातून वर पाहिलं. "नाही गं आई. स्वच्छ आहे सगळं."

"तू बघ रे जरा. तुला दिसते का फट?"

प्राध्यापक वाकले. शनीभोवती दुधट प्रकाश पसरला होता. ग्रह आणि कडी एकमेकांत कालवल्यासारखी झाली होती. फट कुठली दिसायला!

"दिसते, बाई."

बाईंचा चेहरा एकदम उतरला. त्या लेकीकडे वळल्या. "दुसऱ्या डोळ्याची तारीख रद्द कर. मला नाही करायचं."

"अगं, असं काय करतेस? डॉक्टर म्हणालेत ना, की..."

"त्यांना काय जातंय म्हणायला? एक घालवला तेवढा पुरे."

आता बोल, आता तरी बोल, असं प्राध्यापक स्वतःला बजावत राहिले. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं त्यांना झालं होतं. एक वाक्य बोलायचं होतं. वर्गात तासन्‌तास बोलणारे प्राध्यापक दुर्बिणीचं झाकण उगाच या हातातून त्या हातात करू लागले.

एकटक पाहून बाईंच्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. कदाचित तेवढ्यानेच नसेलही. "रुमाल दे गं."

"पर्स गाडीतच राहिली, आई."

प्राध्यापकांच्या खिशातून रुमालाचं टोक बाहेर डोकावत होतं. एके काळी बाई परीक्षेत पोरांच्या खिशातून चिठ्ठ्या काढत, तितक्याच सहज त्यांनी तो ओढून घेतला आणि डोळ्याकडे नेला.

"बाई, नको!" प्राध्यापक ओरडले. घुमटभर आवाज घुमला. "डोळ्याला लावू नका. औषध लागलंय त्याला."

"कसलं औषध?"

"काचा पुसायचं. खिडक्यांच्या."

बाईंनी घुमटाच्या गोल भिंतीवरून नजर फिरवली. "इथे खिडकी कुठे आहे?"

प्राध्यापकांची नजर दुर्बिणीच्या नळीकडे गेली.

बाईंनी रुमाल लाल दिव्याखाली धरला. चष्मा नव्हता, तरी त्यांना पुरतं दिसलं. मधोमध राखाडी डाग होता आणि त्यात बारीक चमक होती. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. अंगठाही चमकला. मग त्यांनी दुर्बिणीच्या नळीवर हात ठेवला आणि काही क्षण तसाच राहू दिला.

"काय झालं?" लेकीने विचारलं. "काय आहे त्या रुमालावर?"

"काही नाही. मळलाय," बाई म्हणाल्या. "माझा डोळा ठीक आहे. तारीख राहू दे."

त्यांनी रुमालाची घडी घातली, डाग आत राहील अशी, आणि तो प्राध्यापकांच्या खिशात परत ठेवून दिला.