चोपड्याचा प्रकल्प

"तीन वर्षांचा अनुभव म्हणताय तुम्ही," लॅपटॉपच्या पडद्यावरून मुलाखत घेणारे समाधान सर म्हणाले. "चोपड्याच्या केळी व्यापाऱ्याचं सॉफ्टवेअर. बोला त्यावर."

शीतल पाठ केलेलं बोलू लागली. पाठांतर पिंप्राळ्यातल्या हितेंद्रभाऊच्या क्लासचं. तिथं पाय ठेवेल त्याच्या गळ्यात हाच प्रकल्प बांधतात. असा व्यापारी नाही, असं सॉफ्टवेअर नाही. क्लासवाल्यांना लाज नसते, फी असते. शीतलचा खरा अनुभव आठ महिन्यांचा. नरडाण्याच्या कारखान्यात हजेरीचा प्रोग्राम सांभाळायची, आणि गेल्या आठवड्यात कारखान्यानं तिला घरी बसवलं.

"आठ महिने सांगशील तर पुण्याची कंपनी दारात उभी करणार नाही," हितेंद्रभाऊनं दम भरला होता.

"ट्रकचं वजन काट्यावरून आपोआप नोंदलं जायचं, सर. पहिल्याच वर्षी केलं."

"दुसऱ्या."

"काय, सर?"

"काटा दुसऱ्या वर्षी जोडला. पहिल्या वर्षी नुसत्या पावत्या."

जे झालंच नाही, ते दुसऱ्या वर्षी कसं झालं?

"हो... दुसऱ्या."

"आणि ऐन हंगामात सर्व्हर बसला, तेव्हा?"

"बसला होता?"

"बसला होता की! व्यापारी फोनवर शिव्या घालत होता. आठवा, आठवा."

हा माणूस आपली मजा बघतोय, तिला वाटलं. पण सरांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. घाम होता. तिला काहीच उमगेना. शेवटी ती वैतागली.

"सर, बास. सगळं खोटं आहे. असा व्यापारीच नाही. आठ महिने हजेरीचा प्रोग्राम सांभाळलाय, तेवढं येतं. घ्यायचं तर त्याच्यावर घ्या, नाहीतर सोडा."

सरांनी रुमालानं कपाळ पुसलं. मग म्हणाले, "आता मोठे साहेब कॉलवर येतील. त्यांनाही हेच सांगणार?"

"हो."

"प्रकल्प कुणी दिला, तेही?"

"तेही. क्लासच्या नावासकट."

सरांनी मागं वळून दार लागलंय का पाहिलं. मग तोंड पडद्याला लागेल इतके पुढे झुकले. आतापर्यंतची इस्त्रीची मराठी कुठल्या कुठं गेली, अहिराणी आली.

"बहीण, पाया पडस तुन्हा. तीन वरीसच सांग. त्या प्रकल्पना टीम लीडर मी व्हतू, असं सांगीसनच मी आठे कंपनीमा नोकरीले लागेल शे."